काकांची साडी आणि माझं एक वाक्य

फ्रीलान्सरची सकाळ अकराला उजाडते. त्या दिवशीही मी लॅपटॉप मांडीवर, चहाचा मग हातात आणि डोळे अर्धे मिटलेले अशा अवस्थेत एका डेडलाइनशी झटापट करत होते. तेवढ्यात बाबांचा फोन. बाबा ऑफिसच्या वेळात कधीच फोन करत नाहीत. पोटात गोळाच आला.

"तू ते आरोग्याचं वगैरे लिहितेस ना?"

"हो. काय झालं?"

"नानाला हार्मोनचा काहीतरी प्रॉब्लेम झालाय. तुझ्या ओळखीचा कुणी चांगला डॉक्टर आहे का?"

"कसला हार्मोन? थायरॉइड?"

पलीकडे शांतता. मग बाबा एकदम हळू आवाजात, जणू अख्खी सोसायटी आमचा फोन ऐकतेय अशा सुरात म्हणाले, "अगं, तो घरात साडी नेसून बसतो."

मी मग खाली ठेवला.

आधी काकांची ओळख करून देते. नाव सांगत नाही, घरात त्यांना सगळे नाना म्हणतात तेवढं पुरे. वय ६६. बँकेतून निवृत्त. सांगलीत स्वतःचं घर, दारात प्राजक्त. मिशी अशी की लहानपणी आम्ही पोरं तिलाच घाबरायचो. सुट्टीत गेलं की सकाळी सहाला उठवून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावणारा माणूस. इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, खिशात कंगवा. त्यांना रडताना मी एकदाच पाहिलंय, तीन वर्षांपूर्वी काकू गेली तेव्हा. आणि हा माणूस साडी नेसतो?

झालं होतं असं. कामाच्या मावशींकडे घराची किल्ली असते. एरवी नऊला येणाऱ्या मावशी त्या दिवशी सातलाच आल्या, दुपारी त्यांना लग्नाला जायचं होतं. काका हॉलमध्ये बसलेले. चष्मा, मिशी, पेपर, चहाचा कप आणि जांभळी इरकली. मावशी काही बोलल्या नाहीत. केर काढला, भांडी घासली, निघून गेल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी पुण्याला वहिनीला फोन लावला. (वहिनीने मला नंतर सांगितलं, ती तक्रार नव्हतीच. मावशी म्हणाल्या होत्या, "साहेबांना लई एकटं वाटत असंल, येऊन जावा एकदा. बाकी पदर अगदी चापूनचोपून घेतला होता बरं का!")

पण घरात बातमी पसरते तेव्हा चापूनचोपून घेतलेला पदर कुणी लक्षात ठेवत नाही.

काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, वाकडला राहतो. आयटीत मॅनेजर. प्रॉब्लेम आला की त्याचं आधी कारण शोधायचं, मग सोल्यूशन, असा त्याचा साधा हिशेब. त्याने कारण शोधलं. पुढच्याच शनिवारी काकांना गाडीत घालून पुण्याला आणलं, रक्त तपासलं, टेस्टोस्टेरॉन कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक. घरातल्या बाकी कुणालाही काही कळू न देता. हे पाच महिने चाललं. आता काकांचं डोकं सारखं दुखत होतं, चेहरा लालबुंद व्हायचा, आणि दादा घाबरला होता. म्हणून बाबांना सांगितलं. म्हणून बाबांचा मला फोन.

मी दादाला फोन केला. पहिला प्रश्न साहजिकच होता, "पण टेस्टोस्टेरॉन आणि साडीचा संबंध तुला सांगितला कुणी?"

तो म्हणाला, "तूच."

माझा 'पुरुषी मेनोपॉज'

दोन वर्षांपूर्वी मी एक कव्हर स्टोरी केली होती, 'पुरुषांचा मेनोपॉज'. हेडिंग हिट, लेख हिट, संपादक खूश, मी त्याहून खूश. चाळिशीनंतर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं, थकवा येतो, चिडचिड होते, इच्छा कमी होते वगैरे वगैरे. माहिती चुकीची नव्हती. पण रात्री दोनला, कॉफीच्या तिसऱ्या मगानंतर, मी एक वाक्य लिहिलं होतं. 'टेस्टोस्टेरॉन घसरलं, की पुरुषातला पुरुष हळूहळू रजेवर जातो.'

काय वाक्य आहे! मला तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली होती. दादाने त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता, वाक्याखाली लाल रेघ मारून. त्याच्या दृष्टीने सगळं जुळत होतं. बाबा साडी नेसतात, म्हणजे त्यांच्यातला पुरुष रजेवर गेलाय. मग त्याला इंजेक्शन देऊन परत कामावर बोलवायचं.

हसू नका. मलाही आधी हसू आलं, मग घाम फुटला. आपण एक चमकदार वाक्य फेकून पुढच्या डेडलाइनकडे वळतो, आणि कुठेतरी एक माणूस त्या वाक्यापायी दर तीन आठवड्यांनी सुई टोचून घेत असतो.

मी ओळखीतून एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंची अपॉइंटमेंट मिळवली. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचे स्पेशालिस्ट. आम्ही तिघं गेलो. काका मध्ये, दादा आणि मी दोन बाजूंना, जणू पळून गेलेल्या मुलाला पकडून आणलंय.

डॉक्टरांनी फाइल उघडली. रक्तात दर डेसिलिटरला २४१ नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन. त्यांनी पहिला प्रश्न साडीचा विचारलाच नाही. विचारलं, "रक्त किती वाजता दिलं होतं?"

दादा म्हणाला, "साडेपाचला. संध्याकाळी. येताना वडापाव खाल्ला होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि शांतपणे आमची शाळा घेतली. ती तुम्हालाही सांगते, कारण तुमच्याही घरात साठीचे बाबा असतील आणि 'फुल बॉडी चेकअप' पॅकेजमध्ये हा आकडा छापून येत असेल.

टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दिवसभरात उतरतं आणि खाल्ल्यावरही उतरतं. म्हणून ते सकाळी, उपाशीपोटी तपासायचं. कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. दोन्ही वेळा कमी आणि सोबत लक्षणंही असतील, तरच आजार म्हणायचं. 'कमी' कुठून मोजायचं यावरही एकमत नाही. अमेरिकेतल्या दोन नामवंत संस्थांपैकी एकीची रेघ २६४ वर आहे, दुसरीची ३०० वर.

वयाबरोबर हा आकडा घसरतो हे खरं, पण वर्षाला जेमतेम एखादा टक्का. बायकांसारखं पन्नाशीच्या आसपास थोड्या वर्षांत दुकान बंद, असं पुरुषांचं होत नाही. म्हणजे माझ्या कव्हर स्टोरीचं हेडिंगच मुळात लंगडं होतं. युरोपात आठ शहरांमधल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास झाला, २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कमी टेस्टोस्टेरॉन आणि सोबत ठरावीक लैंगिक लक्षणं, असे दोन्ही निकष लावल्यावर उरले किती? २.१ टक्के. शंभरात दोन!

बाकीच्यांचा आकडा कमी येतो त्याला वयापेक्षा पोट जास्त जबाबदार असतं. लठ्ठपणा, डायबेटिस, अपुरी झोप. काकांचं वजन ८८ किलो आणि शुगर आठ वर्षांची. म्हणजे आकडा थोडा खाली असण्याचं कारण त्यांच्या कपाटात नव्हतंच, डायनिंग टेबलावर होतं.

आणि डोकेदुखी? टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. रक्तात त्यांचं प्रमाण किती ते हिमॅटोक्रिटमध्ये दिसतं. ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं की इंजेक्शन थांबवायचं, असा नियम आहे. काकांचं ५५ झालं होतं. पाच महिन्यांत कुणी एकदाही तपासलं नव्हतं. इंजेक्शन तिथल्या तिथे बंद झालं.

डॉक्टर औषधाच्या विरोधात नव्हत्या, हेही सांगायला हवं. ज्याला खरंच गरज आहे त्याला ते उपयोगी पडतं. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरची मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जेलमधून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी होणं, हे प्रकार मात्र जास्त दिसले. थोडक्यात, ही टॉनिकची बाटली नाही.

व्हॉल्यूमचं बटन

मग दादाने तो प्रश्न विचारला. मान खाली घालून.

"पण मॅडम, ते... कपड्यांचं. ते टेस्टोस्टेरॉन कमी झाल्यामुळेच ना?"

डॉक्टर म्हणाल्या, "प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये आम्ही काय करतो माहितीये? मुद्दाम औषध देऊन टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतो. १९४१ पासून जगभर हा उपचार चालू आहे. त्या माणसांना अंगातून वाफा येतात, स्नायू कमी होतात, इच्छा मरते, कधीकधी छाती वाढते. यातलं सगळं आम्ही आधी सांगून ठेवतो. 'तुम्हाला साडी नेसावीशी वाटेल,' असं मला आजवर एकाही पेशंटला सांगावं लागलेलं नाही."

दादा गप्प.

"टेस्टोस्टेरॉन हे व्हॉल्यूमचं बटन आहे," त्या म्हणाल्या. "इच्छेचा आवाज कमी-जास्त करतं. चॅनेल कोणतं लागणार, ते त्याच्या हातात नाही."

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी वहीत लिहून घेतलं. (आणि हो, हे वाक्य माझं नाही. या वेळी विचारून छापतेय.)

त्यांनी पुढे जे सांगितलं त्यावर मी नंतर बरंच वाचलं. हिशेब लागलाच तर उलटा लागतो. क्रॉसड्रेसिंगमध्ये काहींच्या बाबतीत लैंगिक उत्तेजनेचा भाग असतो, काहींच्या बाबतीत नसतो. वय वाढतं तसा उत्तेजनेचा भाग अनेकदा विरत जातो. उरतो तो निव्वळ आराम, स्वस्थपणा. म्हणजे टेस्टोस्टेरॉन उतरल्याने साडी येत नाही. फार तर साडीतली खळबळ जाते आणि शांतपणा राहतो.

डॉक्टरांनी काकांना मात्र बारीक चौकशा केल्या. हे नवीन आहे का? विसरायला होतं का? पैशांचे, बोलण्याचे काही विचित्र प्रकार घडले का? पार्किन्सन्सची औषधं चालू आहेत का? कारण उतारवयात माणूस अचानक पूर्ण वेगळा वागायला लागला, लाज-भान सुटलं, तर मेंदू तपासावा लागतो. काही प्रकारच्या डिमेन्शियाची सुरुवात अशी होते, आणि पार्किन्सन्सच्या काही औषधांनीही मनावरचा ब्रेक सैल होतो. तेव्हा प्रश्न कपड्यांचा नसतोच, अचानक झालेल्या बदलाचा असतो.

"नवीन आहे का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

काका इतका वेळ एक शब्दही बोलले नव्हते. आता बोलले. "नाही. जुनं आहे."

"किती जुनं?"

काका दादाकडे न बघता म्हणाले, "याच्यापेक्षा जुनं."

इरकलीची गोष्ट

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी सांगलीला गेले. एकटी. माफी मागायची होती, आणि खोटं कशाला बोलू, जर्नालिस्ट म्हणून कुतूहलही होतं. काकांनी दार उघडलं. पँट, शर्ट, कंगवा. आम्ही कांदेपोहे खाल्ले. मी वाक्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "वाक्य चांगलं होतं गं. फक्त चूक होतं." बँकवाला माणूस. ऑडिट एका ओळीत संपवलं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांना गौळण केलं होतं. वय नऊ. मुलं कमी पडत होती म्हणून. बाकीची पोरं साडी सोडायला धावली, हे तसेच बसून राहिले. "का ते तेव्हाही कळलं नाही, आत्ताही सांगता येणार नाही. डोक्यातली गडबड थांबली, एवढंच आठवतं."

नंतर आयुष्यभर तेच. वर्षातून चार-पाचदा. घरी कुणी नसताना. नंतर प्रचंड अपराधीपणा, मग शपथ, मग शपथ मोडणं. बायकांची आवड? "अगं, मी पुरुषच आहे. मला तुझ्या काकूशिवाय कुणी आवडलं नाही. मला फक्त साडी नेसायला आवडते."

आपल्याला वाटतं, साडी नेसणारा पुरुष म्हणजे एकतर गे, नाहीतर तृतीयपंथी. तिन्ही गोष्टींची आपण एकच खिचडी करतो. काही जण पुढे स्वतःला स्त्री म्हणून ओळखतातही, तो त्यांचा प्रवास. पण १९९७ मध्ये अमेरिकेत १,०३२ क्रॉसड्रेसर पुरुषांची पाहणी छापून आली. त्यातल्या ८७ टक्क्यांनी आपल्याला स्त्रियाच आवडतात असं सांगितलं, आणि ८३ टक्क्यांचं कधी ना कधी लग्न झालेलं होतं. स्वीडनमध्ये सर्वसामान्य लोकांना विचारलं, तर २.८ टक्के पुरुषांनी बायकांच्या कपड्यांमुळे निदान एकदा तरी उत्तेजना आल्याचं कबूल केलं. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर शंभर पुरुष बसत असतील, तर... असो. उगाच शेजारच्या क्युबिकलकडे बघू नका.

मी विचारलं, "काकूला माहीत होतं?"

काका उठले, आतल्या खोलीत गेले, आणि स्टीलच्या डब्यातून एक सेफ्टी पिन घेऊन आले.

लग्नानंतर सहाव्या वर्षी काकूने त्यांना पाहिलं होतं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निऱ्या फार ढिल्या घालता तुम्ही." आणि खांद्यावर पिन लावून दिली. त्यानंतर हा विषय दोघांत पुन्हा कधी निघाला नाही. फक्त दर दिवाळीत काकू स्वतःसाठी दोन साड्या घ्यायची. एक तिला आखूडच पडायची नाही, इतकी लांब-रुंद असायची. जांभळी इरकली त्यातलीच शेवटची.

"ती होती तेव्हा वर्षातून चार वेळा पुरायचं," काका म्हणाले. "ती गेली, नोकरी आधीच संपलेली, घर दिवसभर रिकामं. मग रोज सकाळी तासभर. पेपर वाचेपर्यंत."

म्हणजे बघा. साठीनंतर काय बदललं होतं? हार्मोन नाही. घर बदललं होतं. लपायचं कुणापासून हा प्रश्नच उरला नव्हता. उतारवयात क्रॉसड्रेसिंग 'सुरू' झाल्यासारखं दिसतं ते बहुतेकदा याच कारणाने. बहुतेकांचं ते लहानपणी किंवा वयात येतानाच सुरू झालेलं असतं. मुलं सेटल होतात, बॉस नसतो, शेजारी म्हातारे होतात, आणि साठ वर्षं कडीकुलपात ठेवलेली गोष्ट हॉलमध्ये येऊन बसते. आपल्याला ती तेव्हा दिसते म्हणून आपण तिचं कारणही तेव्हाच्या रक्तात शोधतो.

मग मी तो प्रश्न विचारला जो मला खरा छळत होता. "काका, तुम्हाला माहीत होतं हे हार्मोनमुळे नाही. मग इंजेक्शनं का घेतलीत?"

बराच वेळ ते पिन उघडत आणि बंद करत बसले.

"मला वाटलं, जाईल," ते म्हणाले. "साठ वर्षं मीही तेच शोधतोय, कशाने जाईल. पोरगा एवढा धावपळ करतोय, रिपोर्टवर आकडा आहे, डॉक्टर औषध देतोय. म्हटलं, चला, आजारच निघाला. आजार असला की माणूस वाईट ठरत नाही."

"आणि गेलं?"

"छे! ते कुठलं जातंय. बाकीचंच काय काय परत आलं या वयात." आणि माझे पाढे घेणारे काका मिशीतल्या मिशीत लाजले.

व्हॉल्यूम वाढला होता. चॅनेल तेच.

रंगमंचावर चालतं

काकांच्या घरापासून नाट्यगृह लांब नाही. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्यात सीता झाला होता पुरुषच. पुढे नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या गृहस्थाने तर कमाल केली. बालगंधर्व रंगमंचावर जशी साडी नेसायचे, जसा गजरा माळायचे, तशी फॅशन घराघरांतल्या बायका करायच्या. पुण्यात १९६८ मध्ये त्यांच्या नावाचं रंगमंदिर झालं. २०११ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, तेव्हा आमच्या घरातले झाडून सगळे थिएटरात गेलो होतो. दादासुद्धा. सुबोध भावे साडीत दिसल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत तो पुढे होता.

मी हे दादाला ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, ते अ‍ॅक्टिंग होतं."

त्याचं बरोबर आहे. ते काम होतं, कला होती, तिकीट होतं. काकांच्या साडीला तिकीट नाही, टाळी नाही, कारणही नाही. आपल्याला पुरुषाने साडी नेसण्याचं वावडं नाही हो. वावडं आहे ते त्याला ती आवडण्याचं. आणि आवडीला कारण सापडलं नाही की आपण लॅबमध्ये धावतो.

डॉक्टर मंडळी मात्र आपल्यापुढे गेलीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतून 'कपड्यांचं वेड' असलेलं जुनं निदान काढून टाकलंय. आवड म्हणजे आजार नव्हे. तिच्यामुळे माणूस स्वतः कुढत असेल, तर त्या कुढण्यावर बोलायला समुपदेशक आहेत. काका आता महिन्यातून एकदा एका समुपदेशकाशी बोलतात. साडीबद्दल कमी, काकूबद्दल जास्त.

इंजेक्शन थांबवून चार महिने झाल्यावर डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं. सकाळी आठला, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. एकदा ३१८, एकदा ३३१. हिमॅटोक्रिट खाली आलं. डोकेदुखी गेली. काका आमराईत रोज चालायला जातात, वजन सहा किलोंनी उतरलंय. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा बाबांचा मला फोन आला. आवाजात आनंद नव्हता, गोंधळ होता. "नॉर्मल आहे म्हणजे... मग आता?"

मग आता काही नाही, बाबा. नॉर्मल आहे म्हणजे नॉर्मल आहे.

आई म्हणाली, "भाऊजींना विचार, माझ्या दोन जड साड्या नुसत्या पडून आहेत. देऊ का?" बाबा तिच्याकडे बघतच राहिले. आई थट्टा करत होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

दादाचं काय? त्याला अजून जमत नाही. तो मला म्हणाला, "मला राग नाही गं. मला फक्त बघायचं नाहीये." मी त्यावर लेक्चर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. एका चमकदार वाक्याने आधीच पुरेसं झालं होतं. आणि खरं सांगू? मीही अजून काकांना साडीत पाहिलेलं नाही. पाहीन तेव्हा कशी वागेन, याची मला तरी कुठे गॅरंटी आहे?

हा लेख छापण्याआधी काकांना वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. साडी जांभळी नाही, वांगी रंगाची आहे. (ते वाक्य मी तसंच ठेवलंय. थोडी तरी प्रायव्हसी राहू दे!) आणि पाढा एकोणतीसचा नव्हता, अठ्ठावीसचा होता. गावाचं नाव मात्र राहू दे म्हणाले. "सांगलीत काय कमी पाहिलंय लोकांनी?"

एक गोष्ट सांगायची राहिली. दादा पूर्वी सांगलीला जाताना कधी कळवायचा नाही. आपलंच घर, कळवायचं काय? गेल्या महिन्यात तो गेला तेव्हा मीही गाडीत होते. कराडला चहाला थांबलो. दादाने कप खाली ठेवला, मोबाइल काढला आणि फोन लावला.

"बाबा, कराडला पोचलोय. अजून दीड-दोन तास लागतील. घाई नाही... तुमचं सावकाश होऊ दे."